तारेच्या टोकाचा पाठ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा शाळेच्या वाटचालीवर आम्ही काही लिहून द्यावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही इतिहासाचे शिक्षक. सनावळ्या, ठराव आणि जुनी छायाचित्रे हा आमचा प्रांत. परंतु गेल्या दोन वर्षांत आम्हांला स्वतःला जो धडा मिळाला तो इतिहासाच्या तासाला मिळाला नाही. तो कार्यानुभवाच्या खोलीत, विजेच्या तारेच्या पाव इंच टोकाशी मिळाला. माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज वायरमन आहेत, काहीजण कारखान्यात आहेत, आणि ज्या पालकांच्या घरी गीझर, मिक्सर वा पाण्याचा पंप आहे त्या सर्वांचा या टोकाशी संबंध येतो. म्हणून हा विषय.

प्रसंग असा घडला. दोन पावसाळ्यांपूर्वी, श्रावणातल्या एका पहाटे, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका ताईंना प्लास्टिक जळल्याचा वास आला. मुली झोपेत होत्या. गीझर चालू करून स्वयंपाकघराकडे गेलेल्या ताई धावत परत आल्या, मेन स्विच पाडला, आणि टॉर्चच्या उजेडात पाहतात तो स्नानगृहाबाहेरील बोर्डाचे झाकण तपकिरी होऊन फुगलेले. कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आपलाच एक माजी विद्यार्थी आला. त्याने बोर्ड उघडला, स्विचच्या स्क्रूखालची निळी थिंबल बाहेर काढली आणि दोन बोटांनी तार ओढली. तार सहज निघून आली. तिचे तंतू काळे पडले होते, पण होते अगदी गोल, जणू कोणी त्यांना हातच लावला नव्हता. तो म्हणाला, "सर, ही तार थिंबलमध्ये नुसती बसवली होती, जोडली नव्हती. पकडीनं दाबलीय कोणीतरी."

ते 'कोणीतरी' म्हणजे आम्हीच होतो. स्वतःच्या हाताने नव्हे. पण दुरुस्तीच्या दिवशी कारागिराने "क्रिंपिंग टूल आणतो, उद्या करू" असे सांगितले असता, "पकडीनं दाबून टाका, चालतंय" हे वाक्य उच्चारणारे आम्ही होतो. शाळेच्या दुरुस्ती समितीवर आमची सही असते. त्या 'चालतंय'ची किंमत काय झाली असती हे समजून घेण्यासाठी आम्ही नंतर जे वाचले, विचारले आणि शिकलो ते पुढे मांडत आहोत.

प्रथम थोडे गणित करू; नववीचा विद्यार्थीही हे करू शकतो. ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर चालतो तेव्हा त्यातून सुमारे १३ अँपिअर प्रवाह वाहतो. जोडातील उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले जोडाचा रोध. चांगल्या जोडाचा रोध इतका अल्प असतो की साध्या मीटरवर तो दिसतही नाही. समजा, ढिल्या जोडाचा रोध ०.१५ ओहम झाला. १३ चा वर्ग १६९; त्याला ०.१५ ने गुणले की सुमारे २५ वॅट येतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचाच असतो. म्हणजे बंद प्लास्टिकच्या डबीत एक तापलेला सोल्डरिंग आयर्न ठेवून आपण मुलींना आंघोळीला बोलावत होतो. गीझरला मात्र याचा पत्ता नसतो. २३० पैकी दोनच व्होल्ट जोडात खर्च होतात, पाणी नेहमीसारखे तापते.

पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट याच्या पुढे आहे. "एमसीबी आहे ना, मग ती पडली का नाही?" असे आम्हांला अनेकांनी विचारले. एमसीबी ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहिला तर पडते. ढिल्या जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखणारे उपकरण असते, तेही येथे गप्प राहते, कारण गळती झालेलीच नसते. जोड तापतो, तापल्याने तांब्यावर काळा थर चढतो, थराने रोध वाढतो, रोधाने तो आणखी तापतो. हे चक्र फिरत असताना राखणीला ठेवलेली सर्व उपकरणे आपापल्या नियमाप्रमाणे स्वस्थ असतात. येथे राखण करतो तो ज्याने जोड केला त्याचा हात. इतर कोणी नाही.

आता जोड म्हणजे काय ते पाहू. तारेच्या टोकाला धातूची लहान नळी चढवून ती साच्यात दाबणे, याला क्रिंपिंग म्हणतात. आपल्याकडचे कारागीर 'थिंबल मारणे', 'पंच करणे' असेही म्हणतात. नळीपुढे जे अंग असते त्यावरून तिची नावे बदलतात : गोल कडी असेल तर रिंग थिंबल, चपटी काटेरी असेल तर फोर्क, जाड केबलसाठी लग, आणि कनेक्टरच्या प्लास्टिक घरात जाऊन बसणारी असेल तर पिन किंवा टर्मिनल. नावे वेगळी असली तरी नळीतली क्रिया एकच.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की नळी चेपली, तार अडकली, काम झाले. प्रत्यक्षात योग्य दाबाखाली तांबे मऊ मातीसारखे सरकते. तंतू एकमेकांवर घासतात, लांबतात, त्यांच्या अंगावरचा गंजाचा पातळ थर फाटतो आणि आतले स्वच्छ तांबे स्वच्छ तांब्याला भिडते. चांगल्या नळीच्या आतल्या भिंतीवर आडव्या खाचा असतात. त्याही तंतूंची कातडी सोलण्यास मदत करतात. असा जोड मधोमध कापून, घासून, भिंगाखाली धरला तर गोल तंतू दिसत नाहीत. दिसते ते मधाचे पोळे : एकमेकांना चिकटलेले बहुकोनी कप्पे, मध्ये पोकळी नाही. पोकळी नाही म्हणजे हवा नाही; हवा नाही म्हणजे गंज नाही. अंधेरी-बोरिवलीच्या बाजूला समुद्र आणि मनोरीची खाडी, घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला ठाण्याची खाडी. अशा दमट, खारट हवेत उघडे तांबे किती लवकर हिरवट होते हे सांगण्याची गरज नाही. म्हणून जोडात हवेला वाट न ठेवणे, हे या उपनगरांत इतर ठिकाणांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. दाब काढल्यावर दोन्ही धातू किंचित मागे उसळतात. नळीचा धातू, आकार आणि साच्याची खोली अशी ठरवलेली असते की उसळल्यानंतरही नळी तारेला आवळूनच राहावी. पकडीच्या सपाट जबड्यात हे होऊ शकत नाही. पकड नळीला चपटी करते. मधले तंतू दबतात, कडेचे मोकळे राहतात, आणि शिवण असलेली नळी असेल तर शिवणच उकलते.

कमी दाबला तर जोड ढिला, हे आता स्पष्ट झाले. पण जास्त दाबला तर? आमच्या वर्गातील धडधाकट मुलांचा असा समज होता की जितका जोर तितका जोड पक्का. तसे नाही. दाब वाढवत नेला की ओढ सहन करण्याची ताकद आधी वाढते, शिखर गाठते आणि मग उतरते, कारण तंतू पातळ होतात, तुटू लागतात. विजेचा रोध मात्र त्या शिखरानंतरही थोडा काळ कमीच होत राहतो. म्हणजे यंत्रबळाच्या दृष्टीने उत्तम दाब आणि विजेच्या दृष्टीने उत्तम दाब हे एका बिंदूवर येत नाहीत. टर्मिनल बनवणारा दोहोंच्या मधली जागा निवडतो आणि दाबलेल्या नळीची उंची किती असावी ते कागदावर लिहून देतो. ही उंची सूक्ष्ममापीने मोजतात आणि लहान टर्मिनलमध्ये तिची मुभा बहुधा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असते. मनगटाच्या अंदाजाने हे साधणार नाही. म्हणूनच औजार लागते.

या औजाराचा इतिहास लहान आहे, पण सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमाने आणि जहाजे यांच्या तारा मुख्यतः सोल्डरने जोडत. सोल्डरला उष्णता हवी, वेळ हवा आणि सरावलेला हात हवा. शिवाय वितळलेले सोल्डर तंतूंमधून वर चढते आणि तार जेथे ताठ होते तेथेच ती हादऱ्याने मोडते. १९४१ साली अमेरिकेत युनकस व्हिटेकर यांनी एएमपी ही कंपनी काढली. तिचा सुरुवातीचा माल म्हणजे सोल्डरविना, केवळ दाबून बसवायची टर्मिनले; विमाने आणि जहाजे हेच तिचे गिऱ्हाईक. पुढे हातातल्या औजारात रॅचेट आले. रॅचेट म्हणजे दातेरी कुत्रे : मूठ एकदा दाबायला घेतली की ठरलेला दाब पूर्ण होईपर्यंत ती उघडत नाही. अर्ध्यावर कंटाळलेल्या, थकलेल्या वा घाईतल्या माणसाचा हात औजार सोडत नाही. आम्हांला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून यात रस वाटला. ज्या कौशल्याला पूर्वी वर्षानुवर्षांची उमेदवारी लागे त्यातला बराच भाग माणसाच्या हातातून काढून पोलादात घातला गेला. उरलेला भाग मात्र अजून हातातच आहे, आणि चुका होतात त्या तेथेच.

तो उरलेला भाग म्हणजे दाबण्याआधीचे काम. तार सोलताना तंतू तुटू नयेत, त्यांवर चरा पडू नये. घरगुती दीड चौरस मिलिमीटरच्या लवचीक तारेत ०.३ मिलिमीटर जाडीचे २२ तंतू असतात, अडीचमध्ये ३६. (जुने वायरमन अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशा भाषेत बोलतात, पहिला आकडा तंतूंचा, दुसरा गेजचा. ती भाषा आता बाजारातून जात चालली आहे.) २२ पैकी चार तंतू ब्लेडने उडाले तर तारेचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला, थिंबल कितीही सुंदर दाबली तरी तो परत येत नाही. म्हणून स्ट्रिपरची तारेच्या मापाचीच खाच वापरावी. सोललेली लांबी नळीच्या लांबीपेक्षा जेमतेम मिलिमीटरभर जास्त असावी. तंतू विसकटले असतील तर मूळच्या पिळाप्रमाणे हलकेच बसवावेत, दोरीसारखे घट्ट पिळू नयेत. टोकाला आधी सोल्डर तर मुळीच लावू नये : सोल्डर हा मऊ धातू आहे, दाबाखाली तो महिनोन्‌महिने हळूहळू सरकत राहतो आणि आज घट्ट वाटणारा जोड पुढच्या वर्षी सैल होतो. ही चूक हुशार मुले करतात, कारण त्यांना वाटते आपण जास्त काळजी घेत आहोत.

मग माप. वेष्टन असलेल्या थिंबलींचे रंग सांगतात : लाल अर्ध्यापासून दीड चौरस मिलिमीटरपर्यंतच्या तारेसाठी, निळी दीड ते अडीच, पिवळी चार ते सहा. औजाराच्या जबड्यावरही त्याच रंगांचे ठिपके असतात. निळ्यात लाल दाबली की नळी ढिली राहते, लालमध्ये निळी दाबली की चिरडते. वेष्टन नसलेल्या, शिवण असलेल्या नळीत खाच शिवणीच्या विरुद्ध बाजूला पडली पाहिजे. कनेक्टरच्या उघड्या पिनेला दोन जोड्या पाकळ्या असतात. पुढची जोडी तांब्यावर वळते, मागची तारेच्या वेष्टनावर. मागची जोडी वीज वाहून नेत नाही. ती तारेची कंबर धरून ठेवते, म्हणजे हादरा तांब्यापर्यंत पोहोचत नाही. दोहोंच्या मध्ये एक लहानशी खिडकी राहते. तिच्यातून पाहिले असता वेष्टनाची कड आणि उघडे तांबे दोन्ही दिसले पाहिजे. फक्त वेष्टन दिसले तर ते पुढच्या पाकळ्यांखाली गेले असण्याची शक्यता आहे. फक्त तांबे दिसले तर मागच्या पाकळ्यांनी वेष्टन पकडलेलेच नाही. पुढच्या नळीची मागची कड सनईच्या तोंडासारखी किंचित उमललेली असावी, म्हणजे तीक्ष्ण धार तंतू कापत नाही. आणि एकदा दाबलेला जोड पुन्हा दाबू नये. बिघडला तर कापून टाकावा. टर्मिनलची किंमत फार नसते.

येथवरचे ज्ञान आमच्या वायरमन विद्यार्थ्याने दिले. पुढचे एका माजी विद्यार्थिनीने. तिने मरोळच्या एका गाळ्यात नऊ वर्षे हार्नेसचे काम केले आहे. हार्नेस म्हणजे वॉशिंग मशीन, गाडी वा वैद्यकीय उपकरण यांच्या पोटात जाणारी तारांची बांधलेली जुडी. आम्ही तिला नववीच्या वर्गापुढे बोलायला बोलावले. ती प्रथम संकोचली. "सर, मी कसली शिकवणार? मी बारावी पण पूर्ण केली नाही." पण हातात औजार घेतल्यावर पाऊण तास ती थांबली नाही. तिने तार सोलली, पिन लावली, मूठ दाबली, आणि काही विचारण्याआधीच तार दोन्ही हातांनी ओढून पाहिली. एका मुलीने विचारले, "ताई, प्रत्येक नग ओढून बघता?" ती म्हणाली, "नगावर पैसे मिळतात बाळा, प्रत्येक ओढायला वेळ कुठून आणू? पण सकाळचे पहिले पाच ओढतेच. औजार रात्रीतून बिघडलेलं असलं तर तिथंच कळतं." मग तिने उजव्या हाताचा अंगठा दाखवला. दिवसभर मूठ आवळून आवळून त्याच्या मुळाशी कायमचे दुखणे बसले आहे. बाहीखाली पट्टा बांधलेला होता. आमच्या लक्षात आले की रॅचेट अर्धवट दाब होऊ देत नाही, म्हणून जोड वाचतो. पण तो प्रत्येक दाब पूर्ण करून घेतो, आणि हे बळ कोणाच्या तरी अंगठ्यातून येते. मोठ्या कारखान्यांत हे काम यांत्रिक प्रेस करते. लहान गाळ्यात, जेथे ऑर्डर दोनशे नगांची आज एक आणि उद्या दुसरी, तेथे हातच स्वस्त पडतो.

या उपनगरांत हे काम आले कोठून, हे इतिहासकाराने सांगायला हवे. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे आपले सीप्झ, सुरू झाले. आरंभी ते केवळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी होते. हिरे आणि दागिन्यांचे कारखाने तेथे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. पहिल्यापासूनच तेथील जोडकामात स्त्रियांची संख्या मोठी राहिली. आमच्या लहानपणी चाळीतल्या ताया डबा घेऊन सकाळी सीप्झच्या बसच्या रांगेत उभ्या राहत. नेमके काय करता असे विचारले तर "वायरिंग" एवढेच सांगत. या एका शब्दात तार सोलण्यापासून तपासणीपर्यंतचे सगळे कसब लपलेले असे, आणि आम्ही कधी पुढे विचारले नाही. सीप्झच्या भोवती एमआयडीसी, मरोळ, साकीनाका येथे लहान गाळ्यांचे जाळे पसरले. पूर्वेकडे लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची ओळ होती. तेथे आता बव्हंशी मॉल आणि मनोरे आहेत. पुष्कळ काम वसईकडे सरकले. सीप्झखाली भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे. रांगेतल्या त्या ताया आज आजी असतील.

कार्यशाळेत मुलांना एक सवय मोडायला फार दिवस लागले : दाताने तार सोलणे. वायरचे पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी त्यात पूर्वी शिशाची संयुगे सर्रास घालत, तेव्हा हे आरोग्यालाही वाईट. पण एका मुलाने "तोंडानं लवकर होतं" असे म्हटले तेव्हा आम्हांला गिरणीची आठवण झाली आणि तो तास इतिहासाचा झाला. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकराला धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडी लागायचा. या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या साचेखात्यात येऊ देत नसत. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीचे कताईचे काम येई. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि साचेखाते सर्वांना खुले करण्याची मागणी केली. तोंड न लावता धागा ओवता येणारे धोटे जगात तेव्हाही होते. बदलायला हवे होते ते एक लहानसे औजार. ते न बदलणे अनेकांना सोयीचे होते. मुले गप्प होऊन ऐकत होती. मग ज्याने तोंडाने तार सोलली होती त्याने कपाटातून स्ट्रिपर आणला.

आता तपासणीविषयी. अमेरिकेतील यूएल या संस्थेच्या ४८६ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे १८ गेजच्या तारेच्या जोडाने २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलोग्रॅम, आणि १४ गेजच्या जोडाने ५० पौंड, म्हणजे साडेबावीस किलोच्या वर ओढ सहन करायला हवी. तारांच्या जुड्यांसाठी आयपीसी-ए-६२० हे मानक २००२ पासून प्रचलित आहे. त्यात चांगला, चालण्याजोगा आणि टाकाऊ जोड कसा दिसतो याची चित्रे असतात, आणि हार्नेसचे काम करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत ते पुस्तक सर्रास आढळते. आमच्याकडे ओढ मोजण्याचे यंत्र नाही. आम्ही रद्दीवाल्याकडचा स्प्रिंगचा ताणकाटा विकत घेतला, छताच्या आकड्याला थिंबल अडकवली, तारेला बादली टांगली आणि मगाने पाणी ओतू लागलो. एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशेब पाचवीच्या मुलांनाही कळतो. पकडीने दाबलेला जोड बादली अर्धीही भरू न देता सुटला. औजाराने दाबलेल्या जोडाने बादली काठोकाठ भरली तरी दाद दिली नाही. पुढे काय होते हे पाहण्याच्या हौसेने मुलांनी तीत दगड घातले आणि शेवटी तुटली ती बादलीची कडी. (बादली स्वयंपाकघराची होती. त्याबद्दल मावशींची क्षमा येथे पुन्हा मागतो.) तपासलेला नग पुन्हा वापरायचा नाही, हेही मुलांना निक्षून सांगितले आहे; एकदा ताणलेल्या जोडाचा भरवसा नसतो.

शाळेने गेल्या वर्षी लोहार चाळीतून रॅचेटची दोन औजारे घेतली : एक रंगीत थिंबलींसाठी, एक उघड्या पिनांसाठी. दोहोंची नोंद वहीत आहे. कोणी कधी घेतले, किती नग दाबले, आणि पहिले पाच ओढून पाहिले की नाही, असे रकाने त्यात आहेत. शेवटचा रकाना आमच्या विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून घातला. वसतिगृहाचे एकोणीस बोर्ड दिवाळीच्या सुट्टीत उघडून पाहिले. त्यांत पकडीने दाबलेल्या आणखी सात थिंबली निघाल्या. त्यांपैकी तीन गरम होऊ लागल्याच्या खुणा दाखवत होत्या. सगळ्या बदलल्या. श्रावणातली ती काळी थिंबल कार्यानुभवाच्या खोलीत फळ्याशेजारी खिळ्याला टांगली आहे आणि खाली तारीख लिहिली आहे. कोणी दाबली असे नवे विद्यार्थी विचारतात तेव्हा आम्ही सांगतो.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. सरावासाठी नवी टर्मिनले वापरणे शाळेला परवडत नाही. ज्यांच्या गाळ्यात वा कंपनीत उरलेल्या पिना, थिंबली आणि हातभर लांबीचे तारेचे तुकडे निघतात त्यांनी मालकाला विचारून ते शाळेकडे पाठवावेत. पिशवीवर तारेचे माप लिहिलेले असावे. मिसळलेले माप वेगळे करण्यात मागच्या वेळी आठवीच्या वर्गाचे दोन रविवार गेले.